मेजर उद्या निघणार आहेत

"सामान बांधलेलं असावं, राव. आपण पावणं माणूस. आज हाये, उद्या न्हाई."

असं म्हणत मेजर रोज सकाळी आमच्या ओसरीवर आपला होल्डॉल गुंडाळायचे. गुडघा रोवून, दातओठ खाऊन, दोन्ही पट्टे आवळून. मग त्या वळकटीला बैलाच्या पाठीवर मारतात तशी एक थाप मारायचे आणि ती कोपऱ्यात उभी करायचे. संध्याकाळी तीच सोडायची, सकाळी पुन्हा बांधायची. पंधरा दिवसांसाठी म्हणून आलेला हा माणूस आमच्याकडे इतकी वर्षं राहिला की माझी धाकटी मुलगी बोलायला लागली तेव्हा तिला वाटायचं, मेजर हे ओसरीबरोबरच बांधून आलेत, खांबासारखे. पण होल्डॉल बांधायचा एक दिवस चुकला नाही.

ते मेजर नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. तुमच्याकडेही म्हणत असतील. उद्या खरा मेजर आमच्या गावात आला तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न अजून पडलेला नाही, कारण तो अजून आलेला नाही.

मंचरहून लोणीच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. म्हणजे लक्ष ठेवलं तर येतं. फाट्यावर माझं खत-बियाणांचं दुकान आहे. दुकानात खतापेक्षा गप्पा जास्त खपतात आणि बायको म्हणते, त्याही उधारीवर. गावाच्या दोन वाड्या, वरची आणि खालची. मध्ये ओढा. आमचं घर नेमकं ओढ्याच्या काठावर, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून.

दोन वाड्यांचं वैर फार जुनं. इतकं, की कारण कुणालाच धड सांगता यायचं नाही. शेती कोरडवाहू होती तोवर हे वैर जरा सुस्त होतं. यात्रेत कुणाचा बैलगाडा आधी सुटणार यावरून वर्षातून एकदा डोकी फुटायची, पुढे वर्षभर सगळं निवांत. मग नव्वदच्या दशकात डिंभे धरणाच्या कालव्याची एक चारी आमच्या गावापर्यंत आली. चारी म्हणजे कालव्यातून फुटलेला छोटा पाट. पाणी आलं आणि भांडायला रोजचं कारण आलं.

चारीच्या तोंडाशी लोखंडी गेट. कालव्याला पंधरा-वीस दिवस पाणी सुटतं, त्याला आवर्तन म्हणतात. तेवढ्या दिवसांत गेट उघडून एकेका शेताला पाळीनं पाणी द्यायचं. गेटची चावी वरच्या वाडीकडे दिली तर खालची म्हणायची, हे परस्पर पाणी फिरवतात. खालच्या वाडीकडे दिली तर वरची कुलूप फोडायची. एका आवर्तनात प्रकरण खोऱ्या-कुदळींवर गेलं. खालच्या वाडीच्या सोपानतात्यांचा हात मोडला, वरच्या वाडीच्या तुकानानांच्या डोक्याला टाके पडले आणि मंचरहून पोलिसांची गाडी आली. कालव्याचे साहेब म्हणाले, चावी एका माणसाकडे द्या, नाहीतर गेटच वेल्डिंग करून टाकतो.

आता असा एक माणूस आणायचा कुठून? गावात ज्याला जमीन नाही त्याला सोयरे होते, आणि ज्याला सोयरे नाहीत त्याला जमीन होती. आम्हाला हवा होता ना बांध, ना भावकी असा माणूस. माझे वडील कांदा घेऊन मंचरच्या मार्केट यार्डात जायचे. तिथं राखणीला एक निवृत्त फौजी होता, पश्चिमेकडचा, डिंभ्याच्या डोंगरातला. वडिलांनी त्याला विचारलं, "येता का राव, एवढं आवर्तन काढून द्यायला?"

"येतो," तो म्हणाला. "पर येवढंच."

तेच मेजर. येताना त्यांनी तीन वस्तू आणल्या. तो होल्डॉल, एक शिट्टी आणि मंचरमध्ये विकत घेतलेलं एक जाडजूड पितळी कुलूप. सरपंच म्हणाले, "कुलूप हाये की आमच्याकडं." मेजर म्हणाले, "तुमच्या कुलपाच्या चाव्या दोन्ही वाड्यांकडं आस्त्याल." यावर सभेत जी शांतता पसरली तिच्यावरून ओळखा.

चावी त्यांनी कमरेच्या करदोट्याला बांधली. शिट्टी गळ्यात. एक लांब शिट्टी म्हणजे पुढच्यानं पाणी धरायचं, दोन आखूड म्हणजे तुझी पाळी संपली, बाजूला हो. हळूहळू सगळं गाव त्या शिट्टीवर चालायला लागलं. बायका म्हणायच्या, दोन शिट्ट्या झाल्या, आता डाळ शिजायला टाका. आमच्याच कांद्याच्या वावरात एकदा अर्ध्या वाफ्यावर दोन आखूड शिट्ट्या झाल्या. वडील ओरडले, "अहो, माझ्या घरात ऱ्हाता तुमी." मेजर म्हणाले, "म्हणून तर वाजवली." घरी आल्यावर वडील त्यांच्याशी दिवसभर बोलले नाहीत, आणि जो भेटेल त्याला हीच गोष्ट अभिमानानं सांगत सुटले.

आईचं आणि मेजरांचं वेगळंच चाललेलं असे. मेजर भातखाऊ मुलखातले, आम्ही बाजरीचे. पहिले काही महिने ते भाकरी अशी हातात धरायचे, जशी एखादी पुराव्याची वस्तू. आई चुलीपासूनच विचारायची, "शांतिसेना जेवणार हाये का, का भाताची वाट बघतीया?" ज्या दिवशी चारीवर भांडण मिटवून यायचे त्या दिवशी मात्र ती न विचारता भात टाकायची. मेजर ताटाकडे बघून म्हणायचे, "आज भांडाण झाल्यालं कळलं का काय?"

शांतिसेना हे तिनं उगाच काढलेलं नव्हतं. मेजर खरंच श्रीलंकेत गेले होते, आपली शांतिसेना गेली होती तेव्हा. तिथलं ते फारसं सांगायचे नाहीत. लढाईचं तर कधीच नाही. सांगायचे ते दोनच दिवसांचं, जायच्या आणि यायच्या.

"गेलो त्या दिवशी हार घातले आमाला. बायाबापड्या रस्त्यावर. आमी म्हणलं, चार महिन्यांत ह्येंचं मिटवून येऊ. कधी निघायचं त्ये कुणी ठरवलंच न्हवतं. मंग मिटंना. जे हार घालत व्हते त्येच आमच्यावर उठले. आमचीबी गेली, त्येंचीबी गेली. आन निघालो त्या दिवशी सगळ्या रस्त्यानं दारं बंद. खिडक्या बंद. कुत्रंबी बाहेर न्हाई. आमची गाडी चाललीया आन आमी बंद दारं बघत चाललोय. एक म्हातारी तेवढी अंगणात उभी व्हती. काय तरी म्हणली. हात वर केला. आशीर्वाद दिला का हाकललं, त्ये आजून कळलं न्हाई."

आणि मग, ठरल्यासारखं: "मुक्काम एक दिवस जास्त झाला की दारं बंद व्हायला लागत्यात, राव. म्हणून सामान बांधलेलं असावं."

हे ऐकून आम्ही माना डोलवायचो. कोपऱ्यातल्या होल्डॉलवर तोवर कोळ्यानं जाळं धरलं असतं, जर मेजरांनी तो रोज सोडला-बांधला नसता.

मग इराकचं युद्ध आलं. माझ्या दुकानात तेव्हा नवा पोर्टेबल टीव्ही होता. अमेरिकेच्या फौजा तिथं शिरल्या, काही आठवड्यांत राजधानीत पोचल्या, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या फाट्यावर एकच विषय: आता या फौजांनी निघावं कधी?

तुकानाना म्हणाले, आजच्या आज निघावं. त्याबरोबर सोपानतात्या म्हणाले, घडी बसल्याबिगर निघूच नये. तात्यांना इराक कुठं आहे हे ठाऊक नव्हतं, नानांना होतं अशातला भाग नाही. पण नाना निघा म्हणाले म्हणजे तात्यांना राहा म्हणणं भागच होतं. दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. मध्ये मी. नाना मला सांगायचे, "त्येला म्हणावं, दुसऱ्याच्या वावरात किती दिस औत घालणार?" तात्या मला सांगायचे, "त्येला म्हणावं, नांगरून अर्धवट टाकलं तर तण कोण काढणार?" दोघंही माझ्यापासून हाताच्या अंतरावर. मी आपला इकडून तिकडे मान फिरवत बसायचो. बायको म्हणाली, तुमच्या मानेचं दुखणं थंडीचं नाही, इराकचं आहे.

शेवटी दोघंही मेजरांकडे वळायचे. "मेजर, तुमी सांगा. तुमी गेलेला मानूस."

मेजर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणायचे, "आत जायच्या आधी निघायची तारीख ठरवावी. घडी बसल्यावर निघू म्हणलं की संपलं. कारण घडी बसली का न्हाई, ह्ये कोण सांगणार? ज्येला निघायचं न्हाई त्यो म्हणणार, आजून न्हाई बसली."

आता तुम्ही माझ्यापेक्षा हुशार असाल तर तुमच्या लक्षात एव्हाना आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. आईच्या आलं.

कारण मेजरांनी स्वतः तारीख ठरवलीच नव्हती. त्यांनी गावाला सांगून ठेवलं होतं, एक आवर्तन बिनभांडणाचं जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी मी निघालो. आणि गंमत अशी, की दर आवर्तन आता छान जायचं. शिट्टी वाजली की पाणी फिरायचं, कुणी चकार शब्द काढायचं नाही. सगळे म्हणायचे, आता मेजर उद्या निघणार. आणि नेमकं शेवटच्या दिवशी नाना आणि तात्या गेटवर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. शिव्या, ढकलाढकली, मेजरांची शिट्टी. मग मेजर घरी येऊन हताशपणे म्हणायचे, "न्हाई बसली आजून घडी." आणि भात खायचे.

असंच एकदा भात खाताना आई परातीतून मान न उचलता म्हणाली, "मेजर, एक इचारू का? भावानं तुमच्यासाठी खोली बांधून ठेवलीया म्हणता. कधी बघाया तरी गेला का?"

मेजर भात कालवत राहिले.

त्यांचं मूळ गाव डिंभ्याच्या धरणात गेलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. ते फौजेत असतानाच गेलं. परत आले तर घर नाही, भातखाचरं नाहीत, समोर नुसतं पाणी. भावानं वर चढाला घर बांधलं, त्यात यांच्या नावाची एक खोली. मेजर तिथं एक रात्रसुद्धा राहिले नव्हते. तडक मंचरला येऊन राखणीला लागले होते.

"तिथं बसलं की समोर त्येच दिसतं," मेजर अखेर म्हणाले. "घर कुठल्या जागी व्हतं त्ये पाण्याकडं बघून शोधत बसतो मी."

"मंग आमच्या गावची भांडणं बरी पडत्यात तुमाला," आई म्हणाली. "घडी आमची बसायची ऱ्हायलीया का तुमची?"

आई उठून गेली आणि मेजरांच्या ताटात आणखी भात घेऊन आली. ती असंच करायची, आधी बोलायची मग वाढायची. मेजर त्या दिवशी ओसरीवर फार वेळ बसून राहिले. मी विषय बदलावा म्हणून इराकचं काढलं. ते म्हणाले, "राहू द्या इराक."

पुढच्या आवर्तनाच्या शेवटच्या दिवशी ते सगळं उघड झालं. सकाळची वेळ. गेटवर दोन्ही वाड्यांची माणसं जमलेली. आता भांडण होणार हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की काहीजण शेंगा घेऊन आले होते. मीही होतो. शेंगा माझ्याही खिशात होत्या.

नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मंचरला करून घेतलेला नवा चष्मा ते लेकरासारखा जपायचे. ते पुढे झाले, चष्मा काढला, घडी घातली, शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि ओरडले, "सोपाना, तुझ्या बापाची चारी हाये का?"

"माझ्या बापाची न्हाई, पर तुझ्या बापाचीबी न्हाई," तात्यांनी एका हातानं खोरं उचललं. दुसरी मूठ त्यांनी छातीशी धरली होती.

मेजरांची शिट्टी तोंडापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"नाना," ते म्हणाले, "चष्मा कुनाकडं दिला तुमी?"

नानांनी चेहरा चाचपला. आजूबाजूला पाहिलं. तात्यांनी सावकाश मूठ उघडली. चष्मा तिथं होता. ज्याच्या अंगावर धावून जायचं त्याच्याच हाती नानांनी तो सांभाळायला दिला होता, आणि तात्या एवढा वेळ एका हातानं खोरं परजत होते ते काचेला धक्का लागू नये म्हणून.

शेंगा खाणारी तोंडं थांबली.

"कवापासून चाललंय ह्ये?" मेजरांनी विचारलं.

मग नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमी गेल्यावर शिट्टी कोण मारणार, मेजर?"

"आमी येकमेकांशी बोलत न्हाई," तात्या म्हणाले. "तुमी हाये म्हणून भागतंय."

"भांडाण ठरवाया तेवढं बोलता व्हय?"

"तेवढंच," तात्या प्रामाणिकपणे म्हणाले.

कुठं ठरवायचे तर माझ्या दुकानात, युरियाच्या पोत्यांमागं. यावेळी पहिली शिवी कुणी द्यायची, कुणी कुणाला ढकलायचं, सगळं. मी दोघांना तिथं चहा नेऊन द्यायचो. माझी समजूत, नवीन बियाण्याची चौकशी चाललीय. दोन वाड्यांचा इतक्या पिढ्यांचा तंटा माझ्या पोत्यांमागं मिटत होता आणि मी साखर कमी-जास्त विचारत होतो.

मेजर चारीच्या कडेला खाली बसले. वाटलं, चिडले. पण ते म्हणाले, "तिकडं लंकेत आमी ऱ्हावं म्हणून कुणी भांडलं न्हाई." आणि पागोट्याच्या सोग्यानं तोंड पुसलं.

मग ते उठले आणि तारीख जाहीर केली. पुढचं आवर्तन ज्या सकाळी सुटेल, त्या सकाळी.

गावात हाहाकार झाला. लोक म्हणाले, "पाणी सुटायच्या दिवशी कोण जातं? निदान तेवढं आवर्तन तरी काढून द्या."

"पानी संपल्यावर गेलो तर फुडच्या पान्यापतुर तुमी माझी वाट बघत बसाल," मेजर म्हणाले.

फाट्यावर पुन्हा सभा बसली. या खेपेला नाना आणि तात्या एकाच बाकावर, एकाच बाजूनं. मेजरांनी राहिलं पाहिजे. मी नानांना आठवण करून दिली, "नाना, तुमीच म्हणत व्हता, फौजांनी आजच्या आज निघावं."

"त्येंचं येगळं," नाना म्हणाले. "त्येंना कुणी भात घातलाय?"

जाण्याच्या आदल्या दिवशी मेजरांनी गेटवर जाऊन साखळीचं कुलूप काढलं, करदोट्याची चावी सोडून त्याला लावली आणि दोन्ही आपल्या पिशवीत टाकलं.

तात्या घाबरले. "कुलूप नेताय? गेट उघडं?"

"कुलूप माझं हाये," मेजर म्हणाले. "मी इकत आणल्यालं."

"मंग पाळी बदलायची कशी?"

इथं मी बोललो. जगातल्या शांततेला माझा हातभार लागला असेल तर तो एवढाच. तोवर गावात दोन मोबाइल आले होते, एक नानांच्या लेकाचा आणि एक तात्यांच्या जावयाचा. मी म्हणालो, पाळी संपली की मिस कॉल द्यायचा. उचलायचा नाही, बोलायचं नाही, पैसेही पडत नाहीत. दोघांनी एकमेकांकडे न बघता यावर विचार केला. न बोलता भागणार, हे दोघांनाही पसंत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजरांनी होल्डॉल शेवटचा बांधला. माझ्या मुलीनं वर थाप मारली. आईनं डबा दिला. डब्यात काय होतं ते सांगायला नको. ती फाट्यापर्यंत येत नाही कधी, त्या दिवशी आली. मी मंचरपर्यंत पोचवायला निघालो.

आणि रस्त्यावर कुणी नव्हतं.

मी खरंच सांगतो, मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. नानांचं दार बंद. तात्यांच्या वाडीकडे बघितलं, तिथंही कुणी नाही. शाळेच्या कट्ट्यावर माणूस नाही. एसटी आली. मेजर पायरीवर चढले, वळून एकदा सगळ्या रस्त्यावरून नजर फिरवली आणि हळू म्हणाले, "आसंच व्हतं. दारं बंद." मी काहीतरी बडबडलो, लग्नसराई आहे, बाजार आहे. लग्नसराईही नव्हती आणि बाजारही नव्हता. मेजर होल्डॉल मांडीवर घेऊन बसले, जसं काही तो कुणी हिसकावून घेणार होता.

गाडी वळणावरून कालव्याच्या पुलावर आली आणि मेजर उभे राहिले.

खाली चारीच्या दोन्ही काठांनी सगळं गाव होतं. वरची वाडी, खालची वाडी, बायका, म्हातारे. पाणी नुकतंच सुटलेलं, गढूळ, पुढे कचरा ढकलत निघालेलं. उघड्या गेटपाशी नाना एका बाजूला आणि तात्या दुसऱ्या बाजूला, हात नाचवत एकमेकांवर ओरडत होते. थेट. मध्ये कुणी नव्हतं. लोक त्या दोघांकडे लक्ष न देता खोऱ्यांनी बारे धरत, पाणी वाफ्यांत वळवत होते. कुणाचंही रस्त्याकडे लक्ष नव्हतं. पाणी आलं होतं, शिट्टी नव्हती, आणि कुणाला मान वर करायला सवड नव्हती.

"भांडतायत," मी घाबरून म्हणालो.

मेजर खिडकीच्या गजाला तोंड लावून बघत होते. "भांडू द्या," ते म्हणाले. "नानाचा चष्मा डोळ्यावर हाये. मारामारी करायची आसती तर काढला आसता."

गाडी पूल ओलांडून गेली तरी ते मान वळवून बघत राहिले. कुणीतरी, कोण ते दिसलं नाही, गाडीच्या आवाजानं वर पाहिलं आणि खोरं उंच केलं. मेजरांनी गजातून हात बाहेर काढला. मग खाली बसले आणि मंचर येईपर्यंत मिशीत हसत होते. होल्डॉल त्यांनी मांडीवरून खाली पायाशी ठेवला होता.

ते मंचरला राहिले नाहीत. थेट डिंभ्याची गाडी धरून गेले.

त्यानंतर दोन-तीन आवर्तनं झाली असतील. नाही, भांडणं संपली नाहीत. एकदा तात्यांच्या जावयानं मिस कॉल उचलला, त्यावरून चार दिवस अबोला झाला. पण गेटला पुन्हा कुलूप लागलं नाही. मग डिंभ्याकडून एका कंडक्टरबरोबर निरोप आला: भाकरीची आठवण होते म्हणून सांगा. आईनं निरोप दोनदा ऐकला, "आता व्हती व्हय" म्हणाली आणि बाजरीचं पीठ चाळायला बसली.

ते पीठ घेऊन मी गेलो. डिंभ्याच्या गाडीचा भरवसा नाही. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भावाचं घर चढावर, त्याच्या बाजूला ती खोली. भावजय म्हणाली, "भावजी धरणात गेल्यात, माशाला. कवा येतील सांगता यायचं न्हाई. लई आत जात्यात आलीकडं."

खोलीला कुलूप होतं. आमच्या चारीचं, पितळी, जाडजूड.

खिडकीतून आत डोकावलो. भर दुपारी बाजेवर अंथरूण पसरलेलं होतं. बाहेर अंगणात दोन खांबांमध्ये होल्डॉलचे पट्टे एकमेकांना जोडून ताणलेले आणि त्यांच्यावर एक बंडी अन् टॉवेल वाळत होता.

मी पिठाची पिशवी भावजयीकडे दिली आणि थांबलो. पाणी समोर लांबवर पसरलेलं. त्यात काळे ठिपके दिसत होते, होड्या असतील. त्यातला कुठला मेजरांचा, आणि त्यांचं जुनं घर कुठल्या ठिपक्याखाली, ते मला काय कळणार. शेवटी परतीची गाडी आली. ती चुकली तर दुसरी उद्याच. मी पायरीवर पाय ठेवला, आणि पाण्यावरून शिट्टी आली. दोन आखूड.

ड्रायव्हरनं विचारलं, "कुणासाठी थांबायचंय का, पावणं?"

"न्हाई," मी म्हणालो. "माझी पाळी संपली. सोडा गाडी."